डॉक्टरची लेखणी आणि बासरी

गोदाकाठच्या पटांगणावर मागच्या रांगेत बसून आम्ही किती व्याख्याने ऐकली, त्याची गणती नाही. शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण झाले ते येथे आणि वाचनालयात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. आमचा विषय आहे डॉक्टर असून लिहिणारा, गाणारा माणूस.

अशी माणसे जगात झाली आहेत. आल्बर्ट श्वाइट्झर 1913 साली आफ्रिकेतील लांबारेने येथे गेले, तेथे त्यांनी रुग्णालय उभे केले. ते ऑर्गन उत्तम वाजवीत, बाखच्या संगीतावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि युरोपात मैफली करून मिळालेला पैसा रुग्णालयाला लावला. आफ्रिकी माणसाला त्यांनी बरोबरीचे मानले नाही, असा आक्षेप मात्र त्यांच्यावर आहे, आणि तो खोटा नव्हे.

आमच्याकडचे उदाहरण डॉ. अनिल अवचट यांचे. जन्म 1944, गाव जुन्नर तालुक्यातील ओतूर. पुण्यात वैद्यकाची पदवी घेतली, पण हाती धरली ती लेखणी. 1969 साली बिहारवरचे ‘पूर्णिया’ हे पुस्तक आले. पुढे हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्याविषयी त्यांनी लिहिले. स्वतः त्यांच्यात जाऊन बसायचे, विचारायचे, मग लिहायचे, ही त्यांची रीत. सिन्नर-नाशिककडच्या विडी कामगारांत आमचा जन्म गेला. हजार विड्यांचा दर, छाट म्हणून फेकलेला माल, वाकलेली पाठ, हे आम्ही मागणीपत्रात मांडीत आलो. मागणीपत्र मालक वाचतो. अवचटांचे लिखाण मध्यमवर्गीय घरात वाचले गेले. हा फरक लहान नव्हे.

1980 नंतरच्या काळात पुण्यात गर्द पसरली. त्यावर त्यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याचा भार वाहिला तो त्यांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी.

तेथील मूळ विचार हा, की व्यसन हा आजार आहे. रोजच्या दारूची मेंदूला सवय होते. तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. एकाएकी बंद केली तर हात कापतात, झोप उडते, कोणाला झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून आधी वैद्यकीय देखरेख, मग समुपदेशन आणि गटात बोलणे. बरे झालेले रुग्णच तेथे कार्यकर्ते होतात. व्यसनी माणसाच्या पत्नीसाठीही वेगळा गट असतो. अवचट स्वतः गात, बासरी वाजवीत, कागदाच्या घड्या घालून पक्षी करीत. नशेवाचूनही मन रमते, हे उपदेशाने पटत नाही, ते दाखवावे लागते.

आता आमचा कबुलीजबाब. युनियनचा एक चांगला कार्यकर्ता दारूत बुडाला. आम्ही सभेत ठराव करून त्याला कमिटीतून काढले आणि शिस्त राखली म्हणून समाधान मानले. दोन पावसाळ्यांत तो गेला. त्याची बायको आम्हांला म्हणाली, “भाऊ, दरवाढ तुम्ही आणलीत, पण ती घरात आली कुठे?” उत्तर नव्हते. पगाराच्या लढ्यात आम्ही माणसाचा खिसा पाहिला, त्याचा आजार पाहिला नाही. आणि ज्या विडीवर आमची चूल पेटते, तीही व्यसनच, हे बोलायला तर आम्ही फारच उशीर केला.

27 जानेवारी 2022 रोजी अवचट गेले. त्यांच्यासारखी बासरी आपल्याला येणार नाही, हे ठीक. पण शेजारच्या घरात कोणी पिऊन पडला असेल, तर दार लावून घेण्याऐवजी त्याला डॉक्टरकडे नेणे आपल्याला जमेल. एवढे झाले, तर आमचे बोलणे वाया गेले नाही, असे आम्ही समजू.