तेरा पट आणि चोवीस वर्षे

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात हार्डविक हॉल हा एलिझाबेथकालीन वाडा आहे. त्याच्या सर्वांत मोठ्या दालनाच्या भिंती तेरा भित्तिपटांनी झाकल्या आहेत. सलग मांडले तर त्यांची लांबी सत्तर मीटरांहून जास्त भरते; उंची जवळजवळ सहा मीटर. पटांचा नायक आहे बायबलमधला गिदोन, अवघ्या तीनशे माणसांनिशी मिद्यानी सैन्याला पळवून लावणारा.

हे पट १५७८ साली सर ख्रिस्टोफर हॅटन या दरबारी माणसासाठी विणले गेले. तो कर्जबाजारी होऊन वारला आणि १५९२ मध्ये वाड्याची मालकीण बेस ऑफ हार्डविक हिने ते विकत घेतले. हॅटनची कुलचिन्हे झाकावी लागणार म्हणून तिने किमतीत पाच पौंड कमी करून घेतले. मग लोकरीच्या कापडावर आपली चिन्हे रंगवून ती वर शिवली आणि हॅटनच्या हरिणींना शिंगे जोडून आपल्या घराण्याची नर हरणे केली!

असल्या पटातले चित्र भरतकामाने येत नाही. पैठणीच्या पदरावरचा मोर जसा विणतानाच उमटतो, तसे ते रंगीत बाण्यातून, म्हणजे आडव्या धाग्यांतून, घडते. पण पट मागावर आडवा विणतात आणि टांगताना फिरवतात. त्यामुळे मजबूत ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, आडवा होतो आणि सगळा भार नाजूक बाण्यावर येतो. त्यात रेशीम उजेडाने आधी जीर्ण होते. हार्डविक तर मोठमोठ्या खिडक्यांसाठीच प्रसिद्ध. शिवाय पिवळा रंग लवकर उडतो, म्हणून जुन्या पटांमधली झाडे निळी दिसतात.

ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने एकेक पट उतरवून दुरुस्तीला घेतला. आधी धूळ ओढून काढायची, जुने अस्तर उसवायचे, रंग पाण्यात सुटतो का ते तपासायचे. मग पट बेल्जियममधल्या मेखेलन शहरी, डे विट कार्यशाळेत. तिथे तो एका प्रचंड टेबलावर पसरतात. वरून पाणी आणि सौम्य साबण यांचे धुके फवारायचे आणि खालून हवा खेचून घ्यायची. शतकांचा मळ त्या पाण्याबरोबर खाली उतरतो. पट एका जागी दाबून धरलेला असल्यामुळे जीर्ण धागा हलत नाही.

खरे काम त्यानंतरचे, नॉरफकमधल्या ट्रस्टच्या कार्यशाळेत. पटामागे लिननचे कापड लावून, जिथे रेशीम झडून नुसता ताणा उघडा पडला आहे तिथे जुळत्या रंगाच्या धाग्याने ओळीने टाके घालायचे. लांबून चित्र पुरे दिसावे, जवळून मात्र जुने कोणते आणि नवे कोणते हे कळावे. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. बेसची ठिगळेही काढून टाकलेली नाहीत, आणि तेच योग्य आहे. ती काढली असती तर हॅटनचा पट उरला असता, पण पुढच्या चारशे वर्षांचा इतिहास पुसला गेला असता.

काही पटांना दोन-दोन वर्षे आणि त्याहूनही जास्त लागली. एकूण चोवीस वर्षे गेली, सतरा लाख पौंड खर्च झाले. तेरावा पट २०२३ मध्ये भिंतीवर परतला.

अशा पटांना खिळे मारत नाहीत. वरच्या काठाला वेल्क्रोची पट्टी शिवतात आणि तिची जोडपट्टी भिंतीवरच्या लाकडी फळीला ठोकतात. भार सगळ्या रुंदीवर सारखा वाटला जातो, सुरकुती पडलीच तर तेवढा भाग सोडवून पुन्हा चिकटवता येतो आणि आग लागली तर पट ओढून झटपट खाली घेता येतो.