पिल्लू, पिंजरा आणि वेळेचा हिशेब

कुत्र्याचे पिल्लू घरात येते ते बहुधा मुलांच्या हट्टापायी. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवशी दिवाणखान्यातील गालिचा भिजतो, चौथ्या दिवशी देवघराच्या उंबऱ्याशी घाण सापडते आणि आठवडा संपण्यापूर्वीच घरातील ज्येष्ठ मंडळी त्याला गच्चीवर बांधण्याचा निर्णय देतात. पुढे ते गोदामाच्या राखणीला जाते, नाहीतर एखाद्या पांजरपोळाकडे चौकशी सुरू होते. मुंबईतील भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८३२ मध्ये, भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून त्या शहरात दंगल उसळली होती. निराधार जिवांसाठी उभारलेल्या अशा संस्थेवर, ज्याला घर मिळाले आहे त्या पिल्लाचा भार केवळ फरशी ओली होते म्हणून टाकणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मुळात या वयाचे पिल्लू हट्टी नसते; त्याचे शरीरच अजून तयार झालेले नसते. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्याचे मलमूत्रविसर्जन होते. चालता येऊ लागले की ते झोपण्याची जागा सोडून थोडे दूर जाते. हीच त्याची स्वच्छतेची उपजत ओढ, आणि पुढचे सारे शिक्षण तिच्यावरच उभे राहते. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली माती हवी, गवत हवे की मऊ गालिचा, याची सवय जडू लागते. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ही सवय जडण्याच्या वेळीच ते नव्या घरी येते. पहिल्या पंधरवड्यात जे पायाखाली येईल, ते दीर्घकाळ लक्षात राहते.

ताबा किती वेळ राहील याचा एक ढोबळ आडाखा आहे. पिल्लाच्या वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवावा; दिवसा तितके तास ही कमाल मर्यादा समजावी. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास म्हणजे फारच झाले. जागे असताना आणि खेळताना त्याला तासाभरानेही जावे लागते. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर थोड्या वेळाने आणि खेळाच्या भरात, या तीन प्रसंगी त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे. तेथे उगाच खेळवू नये. एकच ठरावीक शब्द उच्चारावा आणि काम झाल्याच्या क्षणी, तेथेच, शाबासकी व खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. घरात येऊन दिलेल्या खाऊचा संबंध पिल्लू घरात येण्याशी जोडते, केलेल्या कामाशी नव्हे. एकत्र कुटुंबात काकू एक शब्द वापरतात, मुले दुसरा आणि नोकर तिसराच. त्यामुळे शिकण्याचा काळ विनाकारण लांबतो.

व्यापारी घराला येथे एक उपजत सोय आहे, ती म्हणजे रोजमेळ. स्वयंपाकघराच्या दाराशी एक वही टांगावी आणि पिल्लाने केव्हा खाल्ले, केव्हा पाणी प्याले, केव्हा व कोठे विसर्जन केले, हे जो पाहील त्याने लिहावे. चार-पाच दिवसांत त्याची वेळ स्पष्ट दिसू लागते. चुका साधारणतः ठरावीक तासालाच होतात, आणि तो तास बहुधा सर्वजण दुकानात किंवा दूरचित्रवाणीसमोर असण्याचा असतो. उणी बाजू माणसांच्या खात्यावर निघते.

आता पिंजऱ्याविषयी. 'क्रेट' या शब्दाचे भाषांतर पिंजरा असे केले की जैन मन अस्वस्थ होते, आणि त्याला कारणही आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही अपुऱ्या जागेत कोंडणे व आखूड साखळीने प्रदीर्घ काळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. म्हणून प्रश्न वस्तूचा नसून वापराचा आहे. ज्या पेटीत पिल्लू स्वतःहून जाऊन झोपते ती त्याची खोली. सकाळी दहाला दुकान उघडताना बंद करून रात्री आठला उघडली तर ती कोठडी. दिवसभर घरी कोणीच नसणाऱ्या कुटुंबाने पिल्लू आणण्याचा विचार लांबणीवर टाकलेला बरा.

पेटी एवढी असावी की पिल्लाला उभे राहता, वळता व अंग ताणून झोपता यावे. फार मोठी घेतली तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात घाण करते. मोठी जात असल्यास मध्ये सरकती जाळी लावावी. सुरुवातीचे दिवस दार उघडेच ठेवून जेवण आत द्यावे. मग ते खात असताना क्षणभर दार लावून लगेच उघडावे आणि हा काळ मिनिटामिनिटाने वाढवावा. गळपट्टा आत अडकू शकतो, म्हणून तो काढून ठेवावा. रात्री पेटी माणसांच्या खोलीत असावी. एकट्या सज्जात ठेवलेले पिल्लू भीतीनेच रडते, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा सज्जा जीवघेणाही ठरतो. शिक्षा म्हणून आत कधीही घालू नये. गोचरीच्या वेळी साधू-साध्वी घरी आल्या असता ही पेटी घटकाभर फार उपयोगी पडते, ती पिल्लाला प्रिय असेल तरच.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरात पिल्लाचे शेवटचे खाणेही त्याच सुमारास आटोपले तर रात्र बरीच सुकर होते. चौविहाराचा नियम मात्र त्याच्यावर लादू नये. तहानेले पिल्लू स्वच्छ राहिले तर ते शिक्षण नव्हे. पहिले काही आठवडे मध्यरात्री एकदा उठावेच लागते. ते काम मुलांवर सोपवून ज्येष्ठांनी निश्चिंत व्हावे, असे घडत नाही.

लसीकरण सोळा आठवड्यांच्या आसपास पूर्ण होते. तोवर पार्व्होसारख्या रोगाच्या भीतीमुळे भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या रस्त्यावर नेता येत नाही. तेव्हा गच्चीवर किंवा सज्जात माती वा गवताचा ट्रे ठेवावा. वर्तमानपत्राची सवय लावल्यास टेबलाखाली पडलेले प्रत्येक वर्तमानपत्र त्याला निमंत्रण वाटते.

चूक झालीच तर पिल्लाचे नाक त्यात घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणे हे उपाय निरुपयोगी आहेत. त्यातून ते एवढेच शिकते की माणसांसमोर करू नये. मग सोफ्यामागे करते आणि बाहेर नेल्यावर मालकासमोर करायला कचरते. काही पिल्ले ओरडण्यानेच किंवा आनंदाच्या भरात थेंब गाळतात. त्यांना रागावल्यास ते वाढते. लादी धुताना अमोनियायुक्त द्रव टाळावा, कारण त्याचा वास लघवीसारखाच असतो. एन्झाइमयुक्त क्लीनर त्याहून चांगले. फिनाईल ओले असताना पिल्लाला तेथे फिरकू देऊ नये; पंजे चाटल्यास ते पोटात जाते.

पूर्ण भरवसा यायला साधारणपणे सहा महिने लागतात, लहान जातींना त्याहूनही अधिक. शिकलेले पिल्लू अचानक वारंवार लघवी करू लागले किंवा करताना कुंथू लागले, तर वही घेऊन पशुवैद्यकांकडे जावे. मूत्रमार्गाचा संसर्ग असल्यास पहिले लक्षण बहुधा तेच असते, आणि तारखा-वेळांच्या नोंदीमुळे त्यांचे निम्मे प्रश्न वाचतात.