विश्लेषण : 'अलबेला' भगवानदादांचे स्टंटपट गेले कुठे?

भगवानदादा म्हटले की 'अलबेला'तील नाच आठवतो. मात्र त्याआधी दशकभर ते स्टंटपटांचे दिग्दर्शक होते. हे काम आज जवळपास पाहायलाच मिळत नाही. असे का झाले?

कोण होते भगवानदादा?
भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ मध्ये अमरावतीत झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम हे जिल्हे म्हणजे वऱ्हाड. वडील मुंबईत गिरणी कामगार, त्यामुळे बालपण दादर-परळच्या चाळींत गेले. मूकपटांतील छोट्या भूमिकांनंतर १९३८ मध्ये 'बहादूर किसान'चे सहदिग्दर्शन त्यांनी केले.

स्टंटपट म्हणजे काय?
हाणामारी, पाठलाग, घोडदौड आणि बेताचा खर्च. हॉलीवूडच्या साहसी मालिका आणि काउबॉयपटांचा हा देशी अवतार. वाडिया बंधूंच्या 'हंटरवाली'ने (१९३५) त्याला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. भगवानदादांचा हक्काचा प्रेक्षक होता कामगारवर्ग. डग्लस फेअरबँक्सचे चाहते असलेले दादा स्टंट स्वतःच करीत.

वाट कुठे बदलली?
१९४२ मध्ये ते निर्माते झाले, १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. सामाजिक चित्रपट काढ, हा राज कपूर यांचा सल्ला त्यांनी मानला. गीता बाली आणि सी. रामचंद्र यांच्या साथीने १९५१ मध्ये 'अलबेला' आला आणि तुफान चालला. जुहूला बंगला, दारात मोटारी आल्या. पुढचे चित्रपट पडले आणि सारे विकून दादा पुन्हा दादरच्या चाळीत आले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

चित्रपट का टिकले नाहीत?
त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी आणि काळाबरोबर कुजणारी. प्रिंट झिजेपर्यंत गावोगावी फिरे. मग तीतील चांदी काढण्यासाठी ती भंगारात जाई. स्टंटपट दुय्यम मानले जात, म्हणून जपणूक आणखी कमी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. त्यातच गोदामाला लागलेल्या आगीत दादांच्या बहुतेक चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या.

उरले काय?
२०१६ मध्ये 'एक अलबेला' या मराठी चित्रपटाने त्यांची कहाणी पडद्यावर आणली. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत त्यांची ती संथ, डुलती पावले आजही दिसतात. स्टंटपटांची मात्र बहुतांशी नावेच उरली आहेत.