तारीख पुढे गेली, पण कोणाची?

सरकारी भाषेत 'मुदतवाढ' हा शब्द फार साधा दिसतो. एक तारीख खोडायची, तिच्या जागी दुसरी लिहायची, झालं. पण ज्या घरात गुडघाभर चिखल आहे, तिथल्या बाईला ही नवी तारीख कळते कधी? तिच्या कामाला येते किती? आणि तारीख पुढे गेली म्हणजे देणंही कमी झालं का? २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत मदतीचं काम करताना हे प्रश्न आम्हा मैत्रिणींना घरोघरी भेटले.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसं 'एवढं काही येत नाही' म्हणत घरात थांबली होती, तीही अडकली. गणपती पेठेसारखी भरलेली बाजारपेठ पाण्याखाली गेली. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी आले होते. त्या दिवशी बहुतेक घरांतून चिखलाच्या पाट्या बाहेर पडत होत्या. आणि पाचच दिवसांवर, २० ऑगस्टला, जुलै महिन्याच्या जीएसटीचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख होती.

"आता कराचं कुणाला सुचतंय?" असं कुणी म्हणेल. ज्यांना दंड बसतो, त्यांना सुचतं. त्या वेळी उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क होतं, व्यवहार शून्य असला तरी २० रुपये, आणि थकलेल्या करावर १८ टक्के दरानं व्याज. मोठ्या व्यापाऱ्याला ही रक्कम किरकोळ. घरातून धंदा करणाऱ्या बाईला नाही.

माझ्या ओळखीच्या एक वहिनी मसाले करतात. हळद, गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला, ज्याला आमच्याकडे नुसतं 'चटणी' म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत कांडप यंत्र, हाताखाली दोन बायका. उलाढाल काही फार मोठी नाही, पण पुण्याचे दुकानदार जीएसटीचं बिल असेल तरच माल घेतात, म्हणून त्यांनी नंबर काढलेला. पुरात यंत्र गेलं, मिरचीची पोती गेली, छापलेल्या पिशव्यांचे गठ्ठे गेले. बिलबुकं आम्ही दोरीवर कपडे वाळत घालतात तशी पसरून वाळवली. शाई फुटून आकडे एकमेकांत मिसळलेले. त्यांच्या कर सल्लागाराचं ऑफिस तळमजल्यावर, तेही बुडालेलं, फोन बंद. "तारीख गेली की वो," वहिनी दोनदोनदा म्हणत होत्या, "आता किती दंड बसंल?"

तारीख गेलेली नव्हती. सरकारनं पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी ती २० सप्टेंबरपर्यंत पुढे नेली होती. बिहार, गुजरात, कर्नाटक, केरळ, ओडिशा, उत्तराखंड आणि आपला महाराष्ट्र, या राज्यांतल्या ठरावीक जिल्ह्यांची यादीच होती, आणि त्यात सांगली, कोल्हापूर, साताराही होते. निर्णय चांगला होता. फक्त त्या अधिसूचनेवरची तारीख होती २१ ऑगस्ट. म्हणजे मूळ मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची! तोवर ज्यांनी उसनेपासने करून, नेट कॅफेत जाऊन, अंदाजपंचे आकडे टाकून विवरणपत्र भरून टाकलं होतं, त्यांच्यासाठी ती मुदतवाढ आली काय अन् न आली काय. आणि अशा घाबरून भरणाऱ्यांत बायकाच जास्त दिसल्या. 'सरकारी कागद आहे, उशीर नको' हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं!

वहिनींना नवी तारीख कळली आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो महिनाभरच टिकला. कारण २० सप्टेंबर ही ऑगस्टच्या विवरणपत्राचीही तारीख होती. जुलैचं भरल्याशिवाय ऑगस्टचं भरता येत नाही, म्हणजे दोन महिन्यांचा हिशेब आणि दोन महिन्यांचे पैसे एकाच दिवशी दारात. जुलैत विकलेल्या मालावर गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर खरं तर बाजूला ठेवायचा असतो. पण त्या पैशांतून फिनेल, ब्लीचिंग पावडर, मजुरी आणि मुलाची नवी वह्या-पुस्तकं आली होती. कोण दोष देईल?

खरी मेख पुढेच होती. कच्चा माल आणि पॅकिंग घेताना आपण जो कर भरतो, तो विक्रीच्या करातून वजा करून मिळतो, हे जीएसटीचं मूळ तत्त्व. पण माल हरवला, चोरीला गेला किंवा नष्ट झाला, तर ती वजावट मिळत नाही. आधी घेतली असेल तर परत करावी लागते. कायद्याच्या १७ व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या पिशव्या कृष्णामाईनं नेल्या, त्यांच्यावरची सवलत वहिनींनी सरकारला परत करायची. कर सल्लागारानं हे समजावून सांगितलं तेव्हा त्या काही क्षण काही बोललीच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे पुराचं पण बिल आलं म्हणायचं." मुदतवाढीनं या रकमेतला एक रुपयाही कमी केला नाही. तारखेचं आणि देण्याचं दुःख वेगवेगळं असतं.

आपल्या जुन्या महसुली भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत: 'तहकुबी' आणि 'सूट'. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणं, सूट म्हणजे सोडून देणं. १९१८ मध्ये गुजरातेत खेडा जिल्ह्यात गांधीजींनी सत्याग्रह केला तो तहकुबीसाठीच. पीक चार आण्यांपेक्षा जास्त आलेलं नसेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम सरकारच्याच पुस्तकात होता. भांडण होतं ते पीक किती आलं हे कोण ठरवणार याचं. आपल्याकडची पैसेवारी त्याच घराण्यातली. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, असा एक ठरलेला संच लागू होतो. त्याची अंमलबजावणी किती होते हा वेगळा विषय, पण निदान नियम आधी लिहिलेला आहे. शेतकऱ्यासाठी जे शंभर वर्षांपूर्वी सुचलं, ते मसाले कुटणाऱ्या किंवा साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या बाईसाठी कुणाला सुचलेलं दिसत नाही. तिची तारीख दर वेळी नव्यानं मागावी लागते.

आणि दर वेळी उत्तर वेगळं मिळतं. २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा तिथल्या प्राप्तिकरदात्यांना ३१ ऑगस्टऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत वेळ मिळाला. त्याआधी २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली, तेव्हा आगाऊ कराचा हप्ता १५ डिसेंबरऐवजी महिनाअखेरीपर्यंत भरायला दिला. गेल्या काही वर्षांतलं आपलं उदाहरण म्हणजे २०२५ चा ऑगस्ट. मुंबईत, ठाण्यात पावसानं लोकल बंद पडल्या, तेव्हा मुंबई शहर, उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघर या जिल्ह्यांना जीएसटीसाठी २० चं २७ ऑगस्ट करून मिळालं. सात दिवस. पाऊस थांबला की मुंबई दोन दिवसांत उभी राहते, तिला सात पुरेत कदाचित. ज्या पेठेत आठवडाभर पाणी तुंबलं तिथे ते पुरणार नाहीत. किती दिवसांचा पूर आणि किती दिवसांची मुदत, याचं कोष्टक कुठेच नाही.

माझ्या नणंदेची मुलगी कॅलिफोर्नियात असते. २०२३ च्या जानेवारीत तिकडे वादळी पावसानं दाणादाण उडवली. तिच्या घराला काही झालं नव्हतं, तरी तिची कर भरायची तारीख एप्रिलवरून आधी मेवर, मग ऑक्टोबरवर गेली आणि नंतर नोव्हेंबरवर. "अर्ज केलास?" मी फोनवर विचारलं. "नाही मामी, पत्त्यावरून आपोआप होतं." तिकडे केंद्रानं एखाद्या भागात आपत्ती जाहीर केली की तिथे पत्ता असलेल्यांची मुदत करखातं स्वतःहून पुढे नेतं, किमान मुदतीची तरतूद २०१९ च्या शेवटी झालेल्या कायद्यानंच केली, २०२५ पर्यंत ती ६० दिवसांची होती. अमेरिकेचं सगळंच चांगलं असं मी म्हणणार नाही, पण ही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. जीएसटी नोंदणीवर आपलाही पत्ता, जिल्हा, पिनकोड असतोच की. जिल्हाधिकारी कुठल्या गावात पाणी शिरलं याची यादी करतात, पंचनामे होतात. या दोन याद्या एकमेकींना भेटल्या तर २१ तारखेची वाट बघायला नको.

नियम आधी ठरलेला नसला की अफवांना रान मोकळं मिळतं. २०१९ च्याच ऑगस्टअखेरीला व्हॉट्सॲपवर एक परिपत्रक फिरलं. प्राप्तिकर विवरणपत्राची तारीख ३१ ऑगस्टवरून ३० सप्टेंबर झाली, असा मजकूर आणि वर हुबेहूब सरकारी मथळा. ते बनावट असल्याचं खात्याला जाहीर करावं लागलं. तारीख ३१ ऑगस्टच होती. आमच्याकडे जीएसटीला खरोखरच २० सप्टेंबर मिळालेला, त्यामुळे हेही खरंच असणार असं वाटून निवांत बसलेल्या दोघी-तिघी मला माहीत आहेत. एक निवृत्त शिक्षिका, घर पुरात, फॉर्म १६ पाण्यात. त्यांना परतावा मिळायचा होता. त्यांनी नंतर उशिरानं विवरणपत्र भरलं ते विलंब शुल्कासह. असा उशीर खऱ्या अडचणीमुळे झाला असेल तर तो माफ करण्यासाठी अर्ज करायची सोय प्राप्तिकर कायद्यात आहे, पण त्यासाठी अडचण दाखवणारे कागद लागतात. म्हणून मी भेटेल तिला सांगते, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. तलाठी घाईत असतो, 'नंतर देतो' म्हणतो. तिथेच मोबाईलवर फोटो काढा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते ना, ती धुऊन टाकायच्या आधी तिचा, भिजलेल्या मालाचा आणि चोपड्यांचा फोटो काढा. विम्याला, बँकेला आणि कराला, तिन्हीकडे तोच चालतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अधिसूचनेनं कधी हलवली नाही, ती म्हणजे बाईच्या आठवड्याची तारीख. मायक्रोफायनान्सचा हप्ता, बचत गटाची मासिक वर्गणी, भिशी. जीएसटी भरणाऱ्या वहिनी आमच्या वस्तीत एखाददुसऱ्याच. हप्ते भरणाऱ्या घरटी एक. पाणी उतरून घर पुरतं वाळलंही नव्हतं आणि गल्लीत वसुलीची मोटारसायकल फिरायला लागली होती. पुढे बायका त्यासाठी रस्त्यावरही उतरल्या. बचत गटाचं आम्ही आमच्यापुरतं निस्तरलं: बैठकीत ठराव केला, तीन महिने वर्गणी तहकूब, दंड नाही, आणि जिला जमेल तिनं द्यावी. ठराव लिहिताना सचिवबाईंनी 'तहकूब' शब्द बरोबर लिहिला आहे ना, हे दोनदा विचारलं. आम्हाला त्यासाठी दिल्लीला पत्र लिहावं लागलं नाही.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. वहिनींनी तोवर यंत्र माडीवर चढवलं होतं, बिलं मोबाईलवर करायला घेतली होती. आता दर वर्षी मे महिन्यात, लोणची-पापडांची गडबड सरली की, आम्ही धंदा करणाऱ्या जणींचे नोंदणीचे कागद तपासतो. दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, पत्ता जुना. सवलत मिळते ती नोंदणीवर धंद्याचं मुख्य ठिकाण ज्या जिल्ह्यात आहे त्यावर. माल सांगलीत बुडाला आणि नोंदणी दिराच्या पुण्याच्या पत्त्यावर, तर हातात काही येत नाही. दुसरं, मोबाईल नंबर. धंदा बाईचा, नाव बाईचं, आणि ओटीपी जातो नवऱ्याला किंवा सल्लागाराला. मागच्या मे महिन्यात एका पार्लरवालीचा नंबर बदलायला बसलो, तर ओटीपी ज्या नंबरवर गेला तो भाऊजींचा फोन चार्जिंगला लावून ते कुठे बाहेर गेले होते. संध्याकाळपर्यंत थांबलो, चहा दोनदा झाला, पण नंबर बदलूनच उठलो.