बिडाच्या सिलिंडर हेडमधील तडे : दुरुस्तीचा धातुशास्त्रीय विचार

कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगास सुपरिचित असलेले करडे बीड पूर्वी अनेक मोटारसायकलींच्या सिलिंडर हेडसाठी वापरले जाई. त्यातील पापुद्र्यांसारख्या ग्रॅफाइटमुळे ते ठिसूळ असते. परिणामी असमान तापण्याने व्हॉल्व्ह सीटच्या दरम्यान तडा जाऊ शकतो. वेल्डिंगनंतर बीड झपाट्याने थंड झाल्यास सांध्यालगत कठीण कार्बाइड तयार होऊन नवा तडा संभवतो. म्हणून प्रथम तड्याची टोके निश्चित करून तेथे छिद्रे पाडावीत व तड्यावर खाच घ्यावी. नंतर संपूर्ण हेड सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बिडाच्या कांडीने गॅस वेल्डिंग करावे, राखेत सावकाश निववावे आणि बैठकीचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करावा. अशा हेडला पर्यायी भाग सहसा मिळत नाही. त्यामुळे निवविण्यातील घाई सर्वाधिक महाग पडते.