ब्रीद आणि जमाव



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, किमान वेतन आणि माथाडी कायदा ह्यांवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी विषय काढणार आहे तो एका खेळातून. पुण्या-नागपुराकडे शिकायला गेलेली आपली काही मुले एक बैठा खेळ खेळतात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक सोंग घेतात, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी योद्धा. आणि सूत्रधार सांगेल त्या संकटातून वीस बाजूंचा फासा टाकीत वाट काढतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. पुढच्याच वर्षी त्यात ‘पॅलडिन’ नावाचे पात्र आले. आपल्याला काम आहे ते त्याच्याशी.

पॅलडिन म्हणजे ब्रीद बाळगणारा वीर. शब्द जुना आहे, शार्लमेन बादशहाच्या सरदारांच्या कथांतला. खेळात बाकीच्यांची ताकद मनगटात किंवा विद्येत असते. ह्याची ताकद त्याच्या ब्रीदात. १९७८ च्या नियमपुस्तकात तर अशी अट होती की, त्याने जाणूनबुजून एक जरी दुष्ट कृत्य केले, तरी त्याचे पॅलडिनपण तत्क्षणी आणि कायमचे गेले. मग तो इतरांसारखाच एक तलवारबहाद्दर.

आता सूत्रधार डाव टाकतो. गावच्या चौकात जमाव जमला आहे, मधोमध एक माणूस बांधलेला आहे, झाडाच्या फांदीवर दोर पडला आहे, आणि पॅलडिन तेथे येऊन पोचतो. माणूस निर्दोष असेल तर विचार करायला वेळ लागत नाही. पण सूत्रधार कसलेला असला तर तो हळूच सांगतो की, गुन्हा ह्याच माणसाने केलेला आहे, पॅलडिनला ते पक्के ठाऊक आहे, आणि गावचा न्यायाधीश त्याच्याकडून पैसे खातो. येथे खेळणाऱ्यांत वाद पेटतो तो पहाटेपर्यंत विझत नाही. कोणी म्हणतो, बाजूला उभा राहा. कोणी म्हणतो, तूच तलवार चालव. मला हा वाद पोरकट वाटत नाही. आपल्या राज्यात तो टेबलावर नव्हे, रस्त्यावर अनेकदा झालेला आहे.

आणि ब्रीद घेतलेला माणूसही आपल्याकडे आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर पाहा: ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा निग्रह. निग्रह म्हणजे आवरणे, धरून ठेवणे. ज्याने हे शब्द निवडले त्याने ‘खलवधाय’ लिहिले नाही, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

आधी सोपी बाजू, म्हणजे निर्दोष माणसाची. सोपी म्हणतो ती विचाराला, करायला नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती, एवढेच कारण. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारले. ध्यानात घ्या, आसरा द्यायची जागा तीच होती. त्याच दिवशी, त्याच अफवेपायी, मालेगावातही जमाव एका कुटुंबाच्या अंगावर गेला. तेथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलिसांनी गर्दीतून त्यांना जिवंत बाहेर काढले. अफवा एकच, दिवस एकच. फरक पडला तो दार उघडणाऱ्या एका माणसाने आणि वेळेवर पोचलेल्या पोलिसांनी.

पण पोलीस पोचले म्हणजे झाले, असेही नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारले गेले, तेव्हा पोलीस तेथे होते. त्याच्या उलट उदाहरण उत्तराखंडातले. मे २०१८ मध्ये रामनगर येथे गगनदीप सिंग ह्या फौजदाराने जमावाच्या हाती सापडलेल्या तरुणाला छातीशी कवटाळून, पडणारे फटके स्वतःच्या अंगावर घेत बाहेर नेले. वर्दी दोन्हीकडे होती. वर्दी अंगावर असणे आणि ब्रीद अंगी असणे ह्यांत अंतर आहे, ते जमावापुढे दिसते.

जमाव कसा असतो हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर आणि बाजाराच्या आवारात झाले. लोक जमावाला एकजीव समजतात, तसा तो नसतो. शंभरांत मारायला आलेले पाचसहा असतात. वीसेक जण त्यांच्याकडे पाहत असतात, आणि उरलेले काय चालले आहे ते पाहायला आलेले असतात. म्हणून त्या पाचांशी झोंबण्यात अर्थ नसतो. त्या उरलेल्यांना जमावातून काढून पुन्हा माणसे करावे लागते. एकेकाला नावाने हाक मारावी. ‘अरे लोकांनो’ म्हणून ओरडल्याने काही होत नाही.

एका बाजाराच्या आवारात हमालांनी एका मुकादमाला धरले होते. त्याने टोळीची हमाली दोन हंगाम गिळली होती, ह्यात कोणालाच शंका नव्हती. हातात कापसाच्या गाठी ओढायचे आकडे होते. आमच्यातला एक म्हातारा हमाल मुकादमाच्या पुढ्यात खाली बसला आणि म्हणाला, ‘मारायचं तर मारा, पण आधी ज्याचे जितके बुडाले तितके सांगा. मास्तर लिहून घेतील.’ मास्तर म्हणजे मी. एकेक जण पुढे येऊन आकडा सांगू लागला. माझे किती, माझ्या भावाचे किती, कोणत्या आठवड्याचे. आकडा सांगताना माणसाला हिशेब आठवावा लागतो, आणि हिशेब आठवताना हात वर राहत नाही. लिहिता लिहिता रात्र झाली. तोच कागद दुसऱ्या दिवशी तक्रार म्हणून दाखल झाला. पैसे अकरा महिन्यांनी आले, तेही सगळे नव्हेत. हे सांगायलाच हवे, कारण त्या अकरा महिन्यांत ‘त्या रात्रीच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना माझ्यापाशी गोड उत्तर नव्हते.

आता अवघड बाजू. १३ ऑगस्ट २००४. नागपूरचे जिल्हा न्यायालय. कस्तुरबा नगर ही मुख्यतः दलितांची गरीब वस्ती. तेथे अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे खंडणी, मारहाण, बलात्कार चालवले होते. तक्रार करायला गेलेल्या बायकांना दाद मिळत नसे. पोलीस त्याला सामील आहेत असे वस्ती उघड म्हणत होती. त्या दिवशी त्याला न्यायालयात आणले होते. तो आता सुटणार अशी बातमी पसरली. वस्तीतल्या बायका मोठ्या संख्येने आल्या आणि न्यायालयातच तिखटाची पूड, दगड आणि सुऱ्यांनी त्याचा शेवट झाला. काहींना अटक झाली, तेव्हा ‘आम्हां सगळ्यांनाच धरा’ असे वस्ती म्हणाली. खटला दहा वर्षे रेंगाळला आणि २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

पॅलडिन त्या न्यायालयात उभा असता तर? मी सांगतो माझे मत. त्याने मध्ये उभे राहायलाच हवे होते, अक्कू यादवसाठीसुद्धा. जो हात खऱ्या गुन्हेगारावर उठतो तोच हात राईनपाड्यात भिक्षेकऱ्यावर उठला. त्याही गर्दीला आपण खऱ्या गुन्हेगाराला मारतो आहोत असेच वाटत होते. गर्दीपाशी खरेखोटे पारखायचे साधन नसते. पण एवढे बोलून मी त्या बायकांना उपदेश करून घरी जाऊ शकत नाही. त्यांच्या दाराशी ब्रीदवाले त्याआधी कितीतरी वर्षे यायला हवे होते. जो फक्त शेवटच्या दिवशी गुन्हेगाराला वाचवायला येतो, त्याने ब्रीदाचा अर्धाच भाग पाळला, आणि तोही उलट्या क्रमाने: ‘सद्रक्षण’ पहिले लिहिले आहे.

गंमत अशी की, खेळ लिहिणाऱ्यांनाही हे कळलेले दिसते. २०१४ च्या नियमपुस्तकात पॅलडिनला तीन वेगळ्या शपथांतून एक निवडता येते, आणि त्यांत एक सूडाची आहे. ती घेणारा दुष्टाला दया दाखवीत नाही. पण त्या शपथेतही एक कलम असे आहे की, दुष्टाने जे उद्ध्वस्त केले ते आपण त्याला वेळीच थांबवले नाही म्हणून झाले, असे मानून त्याने नाडलेल्यांना उभे करायला मदत करावी. सूड घेणाऱ्यालाही भरपाई चुकत नाही. आमच्या चळवळीत ह्याला थकबाकी म्हणतात.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात. गंभीर गुन्हा समोर घडताना पाहिला तर साधा नागरिकही गुन्हेगाराला धरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० तशी मुभा देते; मात्र धरलेल्या माणसाला विनाकारण उशीर न लावता, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. म्हणजे धरण्याचा हक्क आहे, मारण्याचा नाही, येथेही निग्रहच. त्याच दिवसापासून भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशीची वेगळी तरतूद आली. आणि बेकायदा जमावाचा हेतू ज्याने आपला केला त्याच्यावर जमावाच्या गुन्ह्याची जबाबदारी येते, हे तत्त्व तर इंग्रजांच्या दंडसंहितेपासून आहे. ‘मी फक्त पाय धरले होते’ हे तेथे उत्तर होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, तहसीन पूनावाला खटल्याच्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा एक अधिकारी झुंडबळी रोखण्यासाठी नेमावा, खटले जलदगती न्यायालयांत चालावेत आणि बळींच्या कुटुंबांसाठी भरपाईची योजना करावी, असे राज्यांना बजावले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तो अधिकारी कोण, त्याचा दूरध्वनी कोणता, आणि तो पुसदच्या आठवडी बाजारात, बसस्थानकावर, ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर लिहिलेला आहे काय, हे विचारायला एक साधा अर्ज पुरतो. मसुदा मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर दाराशी टेबल आहे, तेथे सह्या घेतो आहोत.