महागडी गाडी, वेग आणि वळण

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात ऑडी क्यू3 ही छोटी पण उंची एसयूव्ही जुळवली जाते. 2022 साली आलेल्या तिच्या पिढीत 2 लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, 190 अश्वशक्तीचं. थांबलेली गाडी साडेसात सेकंदांच्या आत ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठते.

आता तिचा स्वभाव पाहू. वैशेषिकांच्या 24 गुणांत गुरुत्व आहे. संस्कार या गुणाचे वेग आणि स्थितिस्थापक असे प्रकार आहेत. गाडी चालते ती या तिघांच्या ओढाताणीत. स्प्रिंग खड्ड्यात दबते नि पूर्ववत होते, हा स्थितिस्थापक. गाडी उंच, म्हणून गुरुत्वमध्य वर; त्यामुळे वळणावर ती बुटक्या कारपेक्षा अधिक कलू पाहते.

तिची ‘क्वाट्रो’ यंत्रणा एरवी मुख्यतः पुढची चाकं ओढते, गरज पडली की मागच्यांनाही जोर देते. आपल्या चारठाण्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो, तिथून निघताना ती कामाला येते. पण एक लक्षात घ्या. ब्रेक साध्या मोटारीतही चारही चाकांना असतात, आणि थांबवते ती टायरची पकड. वेग दुप्पट केलात, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. अशा गाडीत आत आवाज कमी, धक्के कमी. म्हणून 100 चा वेग 60 सारखा वाटतो. समोरून दिवा नसलेला ट्रॅक्टर आला, तर हे ‘वाटणं’ उपयोगाचं नाही. तेव्हा काट्याकडे बघा.